प्रोबेशन संपताना टर्मिनेशन लेटर मिळालं, आता अपील कसं करायचं?

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो परत मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुम्हाला तपासता येईल. तुम्ही नवी मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहात, जाहिरात, निवड समिती, युनिव्हर्सिटीचं अप्रूव्हल सगळं रीतसर झालंय, ऑर्डरमध्ये दोन वर्षं प्रोबेशन लिहिलंय. मधे सहा महिने बाळंतपणाची रजा झाली. आता दोन वर्षं संपायला आली तसं संस्थेचं पत्र आलं की काम समाधानकारक नसल्यामुळे या महिनाअखेर तुमची सेवा संपुष्टात येईल. पत्र मिळून अकरा दिवस झाले. प्राचार्य म्हणतायत एक विनंती अर्ज द्या, पुढच्या मीटिंगला संस्था विचार करेल. आणि तुमचा अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो की तिकडे टेन्युअर, म्हणजे प्राध्यापकाची कायम नेमणूक, नाकारलं तर युनिव्हर्सिटीतच अपिलाची कमिटी असते, तसं इथे काही आहे का.

आणि सगळ्यात शेवटी तुम्ही विचारलंय, "मी चांगली शिकवते हे सिद्ध कसं करू?"

माझ्याबद्दल एवढंच, की मी ठाण्यात राहतो, सव्वीस वर्षं कॉमर्स शिकवलं, त्यातली बरीचशी वर्षं प्राध्यापकांच्या संघटनेचं काम केलं. वकील नाही. पण सहकाऱ्यांच्या अपिलांचे कागद लावायला, तारखा जुळवायला, वकिलासमोर त्यांच्या बाजूने बसायला किती वेळा गेलोय त्याचा हिशोब नाही. त्यातून जे कळलं ते सांगतो.

सिद्ध करण्याचा जो प्रश्न तुम्ही विचारलाय ना, तो अपिलात बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. तुमची तळमळ कळते मला, रिझल्ट, मुलांचे मेसेज, फीडबॅक सगळं तुम्ही लिहिलंय. पण अपील ऐकणारा माणूस तुमच्या लेक्चरला कधी बसलेला नसतो आणि बसणारही नसतो. शिक्षक म्हणून कोण योग्य आणि कोण नाही हे त्या विषयातल्या जाणकारांनी ठरवावं, कोर्टाने शक्यतो त्यात पडू नये, ही भूमिका सुप्रीम कोर्टाने म्हैसूर युनिव्हर्सिटी विरुद्ध गोविंद राव या 1963 च्या निकालापासून घेतलेली आहे. ती केस नेमणुकीची होती पण तो विचार पुढे सगळीकडे लागू होत गेला. अपिलात बघतात ते हे, की निर्णय घेतला कसा. कोणी घेतला, त्याला तो अधिकार होता का, कुठल्या कागदावरून घेतला, तुम्हाला आधी काही लेखी सांगितलं होतं का, आणि जे नियम स्वतःला लागू आहेत ते संस्थेने पाळले का. तेव्हा आजपासून डोक्यातला प्रश्न बदला. मी चांगली की वाईट हे बाजूला ठेवा, हे पत्र ज्या पद्धतीने निघालं ती पद्धत बरोबर होती का, हे विचारायला लागा.

आता सगळ्यात घाईचं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016, त्याचं कलम 81. कॉलेजातल्या किंवा युनिव्हर्सिटीतल्या कर्मचाऱ्याला काढून टाकलं, बडतर्फ केलं, किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रकारे सेवा संपवली, किंवा पद खाली आणलं, तर त्याला युनिव्हर्सिटी अँड कॉलेज ट्रिब्युनलकडे, म्हणजे अशा केसेस ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील करता येतं, आणि मुदत आहे ऑर्डर मिळाल्यापासून 30 दिवस. प्रोबेशनवर असलात म्हणून हा दरवाजा बंद होत नाही. तुमचे अकरा दिवस गेले, एकोणीस उरले. बरेच जण इथेच फसतात, त्यांना वाटतं सेवा महिनाअखेर संपणार म्हणजे दिवस तेव्हापासून मोजायचे. तसं करू नका, पत्र हातात पडलं त्या दिवसापासून मोजा. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो, ट्रिब्युनलला तो मान्य करायचा अधिकार आहे, पण मग तुमची लढाई आधी उशिरावर होते आणि मूळ विषय मागे पडतो. असे महिनेच्या महिने गेलेले मी पाहिलेत.

आणि म्हणूनच तो विनंती अर्ज. अर्ज दिल्याने मुदत थांबत नाही. पुढची मीटिंग कधी होईल ते संस्थेच्या हातात, ती 32 व्या दिवशी झाली आणि त्यांनी नाही म्हटलं तर तुम्ही काय करणार? प्राचार्य मुद्दाम असं करतायत असं मी म्हणत नाही, बऱ्याचदा त्यांनाही खरंच वाटत असतं की मार्ग निघेल. पण मला त्याहून जास्त भीती त्या अर्जातल्या भाषेची वाटते. एका सरांच्या बाबतीत काय झालं सांगतो. त्यांनी असाच अर्ज लिहिला, घरच्यांनी सांगितलं नम्रपणे लिही, म्हणून शेवटी ओळ टाकली की "माझ्याकडून ज्या चुका झाल्या त्या पुन्हा होणार नाहीत, मला एक संधी द्यावी". चूक काय झाली ते त्या क्षणापर्यंत संस्थेने कुठेच लिहिलेलं नव्हतं! पुढे संस्थेच्या उत्तरात तीच ओळ अधोरेखित करून जोडलेली होती, की बघा, यांनी स्वतः मान्य केलंय. सर त्या दिवशी बाकावर डोकं धरून बसले होते ते मला अजून दिसतं. तेव्हा अर्ज द्यायचाच असेल तर चार ओळींचा द्या, माफी नाही, चूक नाही, फक्त निर्णय मान्य नाही, त्याचा फेरविचार करावा आणि ज्या अहवालांवरून निर्णय घेतला त्यांच्या प्रती द्याव्यात. झेरॉक्सवर आवक नंबर आणि सही-शिक्क्यासह पोच घ्या. आणि त्याच वेळी अपिलाची तयारी चालू ठेवा.

राजीनामा मात्र कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी देऊ नका. "रेकॉर्ड खराब होणार नाही, दुसरीकडे लागायला सोपं जाईल" असं सांगतात. राजीनामा दिला की सेवा तुम्ही संपवली, संस्थेने नाही, मग अपील कशावर करणार? दबावाखाली लिहून घेतला हे सिद्ध करत बसणं फार जड जातं.

कुठल्या दरवाजाने जायचं हे सगळ्यांचं सारखं नसतं, म्हणून बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. नोकरीच गेली असेल तर वर सांगितलं ते ट्रिब्युनल. नोकरी आहे पण कॅसखाली, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेखाली, प्लेसमेंट नाकारलं, सीनियॉरिटी चुकवली, इन्क्रिमेंट अडवलं, तर कलम 79 खाली युनिव्हर्सिटीची तक्रार निवारण समिती, कारण ट्रिब्युनलच्या कक्षेत न येणाऱ्या तक्रारी तिथे जातात. सरकारी कॉलेजवाल्यांना हे ट्रिब्युनल नाही, त्यांनी मॅटकडे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, जायचं. अभिमत किंवा खासगी विद्यापीठात असाल, आणि नवी मुंबईत असे खूप आहेत, तर 2016 चा हा कायदा तुम्हाला लागत नाही, तुमच्या विद्यापीठाचे स्वतःचे नियम आणि ऑर्डरमधल्या अटी काढून वकिलाला दाखवा. तासिका तत्त्वावर असलेल्यांची परिस्थिती फारच कमकुवत आहे, हे सांगताना वाईट वाटतं पण खोटी आशा दाखवणार नाही. आणि राखीव जागेवर खुल्या प्रवर्गातून एका वर्षापुरते घेतलेले असाल तर वर्ष संपल्यावर सेवा संपणं हे त्या ऑर्डरमध्येच लिहिलेलं असतं. मॅडम, तुमचं तसं नाही. निवड समिती आणि अप्रूव्हल ही दोन कागदपत्रं तुमच्याकडे आहेत, हे तुमच्या केसचे पाय आहेत, त्यांच्या दोन-दोन प्रती आजच वेगळ्या काढा.

आता तुमच्या पत्राकडे येऊ. प्रोबेशनवरच्या माणसाला संस्था काढू शकते का? हो, काढू शकते, काम बघायलाच तो काळ असतो, आणि साध्या शब्दांत "काम समाधानकारक नाही" एवढं लिहिलं म्हणून लगेच तो कलंक ठरत नाही. हे ऐकायला कडू आहे पण आधी माहीत असलेलं बरं. मात्र सुप्रीम कोर्टाने शमशेर सिंग केसमध्ये, 1974 साली, सांगितलंय की ऑर्डरचे शब्द साधे असले तरी त्यामागे खरं काय आहे ते बघायचं. नंतर 1999 च्या दीप्ती प्रकाश बॅनर्जी निकालात याची फार छान फोड केलीय. एखादा आरोप फक्त पार्श्वभूमीला असेल, म्हणजे संस्थेच्या मनात तो होता पण त्याची शहानिशा न करता त्यांनी एकंदर कामावरून ठरवलं, तर ऑर्डर टिकते. पण तुमच्या पाठीमागे चौकशी करून, त्यात तुम्हाला दोषी धरून, त्याच पायावर काढलं असेल तर ती शिक्षा झाली आणि शिक्षा ऐकून घेतल्याशिवाय देता येत नाही. तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये पेपरसेटिंगवरून काही वाद झाला होता आणि दोन सीनियर मॅडमना त्यावर रिपोर्ट द्यायला सांगितलं होतं, तो तुम्हाला दाखवलाच नाही. तो रिपोर्ट मिळवा! माझ्या मते तुमच्या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच असू शकतो, कारण पत्रात त्याचा उल्लेख नसला तरी निर्णय त्याच्यावरच उभा असेल तर चित्र बदलतं.

दुसरा मुद्दा तुमच्या रजेचा, आणि इथे मला मनापासून राग आला. तुम्ही लिहिताय की मीटिंगमध्ये तोंडी असं म्हटलं गेलं, "दोन वर्षांत यांची लेक्चर्स किती कमी झालीत बघा." यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2018 चे रेग्युलेशन काढा. कामाच्या मूल्यमापनात वाट्याला आलेल्या लेक्चर्सपैकी 80 टक्के किंवा जास्त घेतली तर शेरा चांगला, 70 ते 80 असेल तर समाधानकारक, 70 च्या खाली असमाधानकारक. आणि तिथेच लिहिलंय की बाळंतपणाची रजा, बालसंगोपन रजा, वैद्यकीय रजा अशा काळाला या मोजणीतून वगळायचं. म्हणजे रजेचे सहा महिने वरच्या आकड्यातही धरायचे नाहीत आणि खालच्याही नाहीत. तुम्ही हजर होतात त्या दीड वर्षातलाच हिशोब. टाइमटेबल, मस्टर, टीचिंग डायरी घेऊन बसा आणि प्रत्येक सेमिस्टरला वाट्याला आलेली लेक्चर्स किती, घेतलेली किती, हा तक्ता स्वतः बनवा. हे कोष्टक मुळात वार्षिक मूल्यमापनासाठी आणि प्रमोशनसाठी आहे, कन्फर्मेशनला, म्हणजे नोकरीत कायम करताना, ते जसंच्या तसं लागतं का यावर समोरचा वकील वाद घालेल. घालू दे. पण 80 च्या वर असलेल्या माणसाला असमाधानकारक म्हणायला दुसरं कारण काय होतं, हे मग त्यांना सांगावं लागेल.

तिसरा मुद्दा प्रोबेशनच्या मुदतीचा, आणि हा परिस्थितीवर सगळ्यात जास्त अवलंबून आहे. त्याच 2018 च्या रेग्युलेशनमध्ये प्रोबेशन एक वर्ष, काम समाधानकारक नसेल तर जास्तीत जास्त एक वर्ष वाढ, आणि ती वाढ पहिलं वर्ष संपायच्या आत वेगळ्या लेखी ऑर्डरने करायची, नाहीतर वर्षअखेर कन्फर्म करायचं. प्रोबेशन पूर्ण झाल्यावर 45 दिवसांत कन्फर्मेशनची ऑर्डर काढायची असंही आहे. तुमच्या ऑर्डरमध्ये सरळ दोन वर्षं लिहिलीत. ती युनिव्हर्सिटीच्या कुठल्या परिनियमाच्या आधारावर, आणि यूजीसीच्या तरतुदीपुढे ती टिकते का, हा प्रश्न वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. नियमात प्रोबेशनची कमाल मर्यादा ठरलेली असेल आणि ती उलटल्यावरही माणसाला कामावर ठेवलं तर तो कन्फर्म झाला असं मानायचं, हे 1968 च्या धरम सिंग निकालात आलंय, पण काम समाधानकारक असल्याची ऑर्डर निघेपर्यंत कन्फर्मेशन नाही असं सांगणारेही निकाल आहेत. शिवाय रजेच्या काळाएवढं प्रोबेशन पुढे ढकललं असं संस्था म्हणू शकते. म्हणून एकट्या या मुद्द्यावर विसंबू नका, तो जोडीला ठेवा.

इथवर तीन गोष्टी झाल्या, न दाखवलेला रिपोर्ट, रजेसकट केलेली मोजणी, आणि प्रोबेशनची मुदत. आता हे उभं करायला कागद लागतील त्याबद्दल.

कळव्याच्या एका मॅडम केमिस्ट्री शिकवायच्या, त्या माझ्या घरी आल्या तेव्हा सगळे कागद एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबलेले होते. आम्ही जेवणाच्या टेबलवर एकेक काढून तारखेने लावले. टर्मिनेशनच्या पत्रावर तारीख होती 4, आणि त्या म्हणत होत्या की पत्र पोचलं 19 ला. संस्था म्हणत होती 4 लाच रवाना केलं, म्हणजे मुदत संपली. मी विचारलं लिफाफा कुठाय? त्यांना आठवेना. संध्याकाळी घरून फोन आला, सासूबाईंनी रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवला होता. त्यावर पोस्टाचा शिक्का स्पष्ट 17 तारखेचा आणि स्पीड पोस्टचा नंबर. मुदतीचा वाद त्या एका खाकी लिफाफ्याने मिटला. तुमचं पत्र हातात दिलं की पोस्टाने आलं ते तुम्ही लिहिलं नाहीये. पोस्टाने असेल तर लिफाफा जपा आणि त्या नंबरवरून पोस्टाच्या वेबसाइटवरचं ट्रॅकिंग आत्ताच प्रिंट करून ठेवा. हातात दिलं असेल तर पोच देताना तुम्ही तारीख टाकली होती का ते आठवा.

वार्षिक स्वमूल्यमापनाचे फॉर्म, त्यावर प्राचार्यांचा शेरा, विद्यार्थ्यांच्या फीडबॅकचा गोषवारा, मेमो आला असेल तर मेमो, आणि आला नसेल तर तेही महत्त्वाचं, कारण दोन वर्षांत एकदाही लेखी काही न सांगता शेवटच्या महिन्यात असमाधानकारक म्हणणं संस्थेला समजावून सांगावं लागतं. अनुदानित कॉलेज माहिती अधिकारात येतं. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागणी नेमकी करा: तो रिपोर्ट, ज्या मीटिंगमध्ये निर्णय झाला तिचा अजेंडा आणि इतिवृत्त, हजर सभासदांच्या सह्या. "माझी संपूर्ण फाइल द्या" असं मोघम मागू नका. उत्तराला 30 दिवस असतात, म्हणजे तुमची अपिलाची मुदत त्याच्या आधी संपते, त्यामुळे माहितीची वाट बघत अपील अडवून ठेवायचं नाही. अपील दाखल करा, त्यात लिहा की अमुक कागद मागितलेत, आले की जोडू, आणि ट्रिब्युनललाही ते हजर करायला सांगण्याची विनंती करा. पगार सरकारी अनुदानातून येतो म्हणून पनवेलच्या उच्च शिक्षण सहसंचालकांच्या ऑफिसला संस्थेने तुमच्याबद्दल काय कळवलंय तेही मागवा, तिथे कधी कधी वेगळंच कारण लिहिलेलं सापडतं. असं सापडलं तर सोन्यासारखं जपा. 1977 च्या मोहिंदर सिंग गिल निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ऑर्डर तिच्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासायची, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवीन कारणं घालून ती सावरता येत नाही. म्हणून या दिवसांत प्राचार्यांशी किंवा सेक्रेटरींशी व्हॉट्सॅपवर वाद घालत बसू नका, त्यातून त्यांना फक्त कारणं सुचतात.

मावसभाऊ म्हणतो ते बरोबर आहे, पण ती व्यवस्था वेगळी. तिकडे 1940 च्या निवेदनाप्रमाणे, जे अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेने कॉलेजांच्या संघटनेबरोबर मिळून केलं, प्रोबेशन जास्तीत जास्त सात वर्षांचं धरतात आणि टेन्युअर नाकारलं तर बहुतेक ठिकाणी प्राध्यापकांचीच एक कमिटी अपील ऐकते. पण ती कमिटीसुद्धा साधारण हेच बघते, की पुरेसा विचार झाला का, पद्धत पाळली का, भेदभाव झाला का, ती स्वतः तुमचं संशोधन परत तपासत नाही. आणि मुदतीचा फास तिथेही तसाच. डेलावेअर स्टेट कॉलेज विरुद्ध रिक्स या 1980 च्या केसमध्ये प्राध्यापकाला टेन्युअर नाकारून वर एक वर्षाचं शेवटचं कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं, तो नोकरी संपल्यापासून दिवस मोजत राहिला, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घड्याळ नकार कळवला त्या दिवशीच सुरू झालं होतं. आपल्याकडे कॉलेजातल्या कॉलेजात अशी प्राध्यापकांची कमिटी नाही. असायला हवी असं मला फार वाटतं, निदान माणसाला कोर्टासारख्या जागी जाण्याआधी आपल्याच लोकांसमोर बोलता आलं असतं.

अपिलात संस्था, प्राचार्य आणि युनिव्हर्सिटी यांना पार्टी करतात, पगाराचा प्रश्न असल्यामुळे सहसंचालकांनाही घ्यायचं का ते वकील ठरवेल. वकील नोकरीविषयक केसेस करणारा बघा, ओळखीचा आहे म्हणून फ्लॅटचे करार करणाऱ्याकडे जाऊ नका. अपिलाबरोबरच अंतरिम स्थगितीचा अर्ज टाका, आणि स्थगिती नाही मिळाली तरी निदान तुमची जागा निकाल लागेपर्यंत भरू नये असा आदेश मागा, कारण दुसऱ्या कुणाची रीतसर नेमणूक झाली की सगळंच अवघड होतं, त्या नवीन माणसाचाही त्यात काही दोष नसतो. ट्रिब्युनल परत कामावर घ्यायला सांगू शकतं, थकलेला पगार द्यायला लावू शकतं, किंवा त्याऐवजी पैशात भरपाई देऊ शकतं. त्या निकालावर दोन्ही बाजू हायकोर्टात रिट घेऊन जाऊ शकतात. वेळ लागतो. घरात लहान बाळ आहे, म्हणून खर्चाचं आणि मधल्या काळातल्या कमाईचं घरच्यांशी आधीच मोकळेपणाने बोला. केस चालू असताना दुसरीकडे तात्पुरतं शिकवलं म्हणून अपील जात नाही, मात्र ती कमाई लपवू नका, मागच्या पगाराच्या हिशोबात ती विचारली जाते.

महिनाअखेरपर्यंत कॉलेजला रोज जा. मस्टरवर सही करा, सही करू दिली नाही तर त्याच दिवशी प्राचार्यांना ईमेल करा की मी हजर होते. चार्ज द्यायला सांगितला तर यादी करून, "हक्क राखून" असं लिहून द्या आणि त्या यादीवरही पोच घ्या. उद्या सकाळी माहिती अधिकाराचा अर्ज, या शनिवारच्या आत वकिलाची पहिली भेट. लेक्चर्सचा तक्ता झाला की मला पाठवा, आकडे मी एकदा तपासून देतो.